काच फुटणारच, मग ती काढता यायला हवी

मोबाइल कंपन्यांच्या सोहळ्यांत आणि त्या सोहळ्यांची री ओढणाऱ्या लेखांत गेली काही वर्षं एकच स्वप्न पुन्हापुन्हा विकायला ठेवलं जातंय: एकसंध काचेचं यंत्र. त्याला फट नको, स्क्रू नको, झाकण नको, चार्जरचं भोक नको आणि जमलं तर बटणही नको. जोड दिसला की डिझाइन कच्चं आणि पाठ उघडता आली की वस्तू जुनाट, असा या मंडळींचा एकूण सूर असतो. २०१७ साली आयफोन एक्स लोकांपुढे आणताना ॲपलचे तेव्हाचे मुख्य डिझाइनर जोनाथन आइव्ह यांनी वस्तूच अनुभवात विरून जावी, अशा अर्थाचं आपलं उद्दिष्ट सांगितलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये विवो या चिनी कंपनीने ‘एपेक्स’ नावाचा नमुना दाखवला. त्याचं अंग एकाच काचेतून वळवून घडवलेलं होतं आणि त्यावर एकही भोक नव्हतं. त्याच महिन्यात मेइझू कंपनीचा ‘झीरो’ आला. त्याचं कवच सिरॅमिकचं, पण कल्पना तीच. काचेचे वेगवेगळे तुकडे वितळवून एकमेकांत सांधायचे आणि बेजोड खोकं तयार करायचं, या पद्धतीवर ॲपलने पेटंटही घेऊन ठेवलं आहे.

हे वेड मूठभर शौकिनांपुरतं असतं तर सोडून देता आलं असतं. पण त्याच्या मागून येणारी सवय खालपर्यंत झिरपली आहे. स्वस्तातल्या फोनची पाठ प्लास्टिकची असते, तरी ती काचेसारखी चकाकती करतात आणि डिंकाने कायमची चिकटवून टाकतात. ऊसतोडीला आलेल्या माणसाच्या खिशातला फोनही त्यामुळे ‘न उघडणारा’ झाला आहे. तेव्हा या मताचा समाचार घ्यायलाच हवा, आणि त्यासाठी सातारा-सांगलीइतकी योग्य जागा शोधून सापडायची नाही. कारण काच आणि यंत्र यांचा संसार कसा लावावा, हा प्रश्न इथे शंभर वर्षांपूर्वी सोडवून झालेला आहे.

पुणे-मिरज लोहमार्गावर कराड स्टेशनात उतरलेला माणूस खरं तर कराडात नसतो, ओगलेवाडीत असतो. वाडीला हे नाव मिळालं ते कारखान्यामुळे. १९१६ साली ओगले बंधूंनी इथे ओगले ग्लास वर्क्स उभारला. आजूबाजूला ब्रिटिशांचा सातारा जिल्हा, पण ही जागा औंध संस्थानची. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचं नाव आज लोक सूर्यनमस्कारांमुळे घेतात. पण तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या आपल्या छोट्या संस्थानात कारखाने यावेत म्हणून त्यांनी जे केलं, ते त्याहून कमी महत्त्वाचं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलजवळचा माळ मिळाला तोही त्यांच्याचकडून, आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याआधी, १९०८ मध्ये, अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा जमवून तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना काढला होता. पहिल्या महायुद्धाने जर्मनी-ऑस्ट्रियाहून येणारी काच अडवली आणि देशी काचेला बाजार मोकळा झाला. ओगलेवाडीची भट्टी पेटली ती या काळात.

या कारखान्याचं नाव महाराष्ट्रात घरोघरी गेलं ते ‘प्रभाकर’ कंदिलामुळे. ओगले बंधूंच्या वडिलांचं नाव प्रभाकर, तेच कंदिलाचं. वीज पोचायला अजून कित्येक वर्षं होती, तेव्हा गोठ्यात, ओसरीवर, रात्रीच्या पाण्याच्या पाळीला शेतात हाच उजेड असे.

आता हा कंदील नीट पाहिला पाहिजे, कारण आजच्या वादाचं उत्तर त्याच्या घडणीतच आहे. खाली पत्र्याची टाकी. तिच्यावर बर्नर, त्यात सुती वात आणि वात वर-खाली करायची बारीक चावी. दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या नळ्या वर गेलेल्या, त्यांच्यावर टोपी. मधे काच. बाजूचा खटका दाबला की काच थोडी वर सरके, मग काडी ओढून वातीला लावायची आणि खटका सोडायचा. काच साफ करायची असेल तर कडीला धरून टोपी वर ओढायची. ती स्प्रिंगवर बसवलेली असल्यामुळे उचलली जाई. मग काच तिरकी करून तारांमधून अलगद बाहेर काढायची. दिवेलागणीआधी राखेने किंवा जुन्या कागदाने काजळी पुसणं हे घरातल्या पोरांचं काम होतं. म्हणजे आठ-दहा वर्षांचं मूलही कुठलंही हत्यार न घेता या यंत्राचा सगळ्यात नाजूक भाग काढत आणि बसवत होतं. तापल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की टचकन तडा जाई. मग नवी काच आणायची. टाकी, सांगाडा, बर्नर जुनेच. वात संपली की फक्त वात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा कंदील पत्र्याच्या कारागिराने कुठून तरी काच विकत आणून केलेला नव्हता. तो भट्टीवाल्यांनी केला होता. वाळू, सोडा आणि चुना दीड हजार अंशांच्या आसपास वितळवून, फुगवून, मग तडे जाऊ नयेत म्हणून सावकाश निववून काच करणाऱ्यांना काचेचा स्वभाव पुरता ठाऊक असतो. ती प्रकाश आरपार सोडते, वाऱ्याला अडवते, आणि कधी ना कधी फुटते. म्हणून त्यांनी काच फक्त उजेडाच्या वाटेत ठेवली. बाकीचं अंग पत्र्याचं केलं, आणि काच सुटी ठेवली. अशी सुटी काच कारखान्याला विकताही येते; दुरुस्तीची सोय म्हणजे कारखानदाराचं नुकसान, हा हिशेब तेव्हा कुणी मांडला नव्हता.

यावर हसून सांगितलं जाईल की रॉकेलचा दिवा कुठे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्र कुठे! ठीक आहे. तर मग इलेक्ट्रॉनिक्सच्या जन्मापासूनच बघू.

इलेक्ट्रॉनिक्सचा जन्मच बंद काचेत झाला. ट्रान्झिस्टर यायच्या आधीचे रेडिओ व्हॉल्व्हवर चालत. व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून चहूबाजूंनी सीलबंद केलेली काचेची नळी. तिच्यात तापणारी तार, जाळी आणि पत्रा. ती उघडताच येत नसे आणि उघडून उपयोगही नव्हता, कारण हवा आत शिरली की खेळ संपला. बेजोड काचेचे आजचे भक्त या उदाहरणाकडे बोट दाखवतात तेव्हा त्यांना वाटतं की वाद जिंकला. पण व्हॉल्व्हच्या तळाला पिना असत, आणि पिना सॉकेटात बसत. रेडिओ खरखरायला लागला की मागचा पुठ्ठा काढायचा, कुठला व्हॉल्व्ह गेला ते पाहायचं, जरासा हलवत उपटायचा आणि त्याच नंबरचा दुसरा खोचायचा. त्या नंबरचा व्हॉल्व्ह दुसऱ्या कंपनीचा असला तरी चाले. म्हणजे जे बंद करणं भौतिकशास्त्राने भाग पाडलं, तेवढंच बंद. ते आकाराने लहान, मापाने ठरलेलं आणि जागेवरून निघणारं. अख्खा रेडिओ काचेत कोंबायची पद्धत रूढ झाली नाही. विजेच्या बल्बचंही तेच: काच सीलबंद, पण होल्डर ठरलेल्या मापाचा. बंद वस्तूच्या मालकाला उत्पादक कसा खेळवू शकतो, तेही बल्बनेच दाखवलं. १९२४ साली युरोप-अमेरिकेतल्या बड्या दिवा कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचं कडबोळं करून बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणून ठेवलं होतं. तरीही लोकांच्या घरातला होल्डर त्यांना काढून नेता आला नाही.

मोबाइलला सील करायला असं कुठलं कारण आहे? त्याच्यात निर्वात पोकळी नाही. त्याच्यात आहे ती झिजणारी बॅटरी, पडून फुटणारा पडदा, धुळीने भरणारा स्पीकर आणि चार्जरची सैल होणारी पिन. एवढ्या मर्त्य गोष्टी अमर दिसणाऱ्या खोक्यात का घालायच्या, याची चार-पाच कारणं सांगितली जातात.

पहिलं कारण पाण्याचं, आणि तेच सगळ्यात वजनदार. फट नसली की पाणी शिरत नाही. सांगलीकराला हे पटकन पटतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५७ फूट ओलांडले, आणि २००५ चा पूर पाहिलेल्यांनाही तो जुना पूर लहान वाटला. अशा गावाने जलरोधक यंत्राची थट्टा करू नये. इथे करायचीही नाही.

पण जलरोधक व्हायला बेजोड काच लागते, हे मात्र खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा कंपन्यांनीच बाजारात ठेवलेला आहे. सॅमसंगचा गॅलेक्सी एस५ हा २०१४ चा फोन. त्याची प्लास्टिकची पाठ नखाने उचकटून काढता येई, बॅटरी हाताने बदलता येई आणि तरीही त्याला आयपी६७ दर्जा होता, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहूनही तो शाबूत राहायचा. पाठीच्या आतून फिरवलेलं रबरी गॅस्केट हे त्याचं मुख्य रहस्य. प्रेशर कुकरवर विसंबणाऱ्या देशाला गॅस्केटवर विश्वास ठेवायला जड जाऊ नये. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, एस६ आला: पुढे काच, मागे काच, बॅटरी कायमची आत. आणि जलरोधक दर्जा? तो गायब. म्हणजे काच आली त्या वर्षी उघडणारं झाकणही गेलं आणि पाण्यापासूनचं संरक्षणही गेलं. ते परत यायला एस७ ची वाट पाहावी लागली. काच पाण्यासाठी आली असती तर हा क्रम असा उलटा दिसला नसता. हीच कंपनी २०२४ मध्ये भारतात एक्सकव्हर ७ विकायला आणते. त्याची बॅटरी निघते आणि दर्जा आयपी६८ आहे. तंत्र आहे, कारखाना आहे, माल आहे. फक्त तो कष्टाच्या कामांसाठीचा फोन म्हणून वेगळ्या रांगेत ठेवलाय.

शिवाय जलरोधक म्हणून विकलेल्या फोनात पाणी गेलंच तर बहुतेक कंपन्यांच्या नेहमीच्या वॉरंटीत ते नुकसान बसत नाही. ॲपल तर स्पष्ट सांगते की पाण्याला तोंड देण्याची ताकद कायमची नसते, वापराने कमी होते. डिंक सुकतो. सुकलेला डिंक बदलायचा तर फोन उघडायला हवा, आणि उघडायचा नाही हीच तर प्रतिज्ञा आहे.

महापुरात माणसाची अडचण वेगळीच असते, हेही सांगायला हवं. वीज जाते. छपरावर किंवा निवाऱ्याच्या शाळेत बसलेल्या माणसाचा फोन कोरडा असूनही मरतो, कारण चार्जिंग संपतं. पॉवर बँक आहे, कबूल; पण २००३ मध्ये निघालेल्या आणि जगभर २५ कोटींच्या आसपास खपलेल्या नोकिया ११०० चं स्मरण इथे होतंच. धूळ न शिरणारा रबरी कीपॅड, डोक्यावर टॉर्च, मागचं झाकण सरकवलं की बॅटरी हातात. खेड्यातलं गिऱ्हाईक समोर ठेवून केलेलं ते डिझाइन होतं, आणि त्याला कुणी आजवर कुरूप म्हटलेलं नाही.

दुसरं कारण मजबुतीचं. आजची मोबाइलची काच साधी नसते, हे खरं. सुमारे ४०० अंशांवर वितळलेल्या पोटॅशियम क्षाराच्या हौदात ती बुडवतात. काचेतले छोटे सोडियमचे आयन बाहेर पडून त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे घुसतात आणि पृष्ठभाग स्वतःलाच आतून आवळून धरतो. त्यामुळे ती ओरखड्यांना आणि आपटण्याला बरीच दाद देत नाही. बरीच, पूर्ण नाही. आवळलेला थर मिलिमीटरच्या अगदी बारीक अंशाएवढा असतो. त्याहून खोल खरचटलं की आतला ताण मोकळा होतो आणि काच जाळीसारखी पिंजते. आणि एकसंध खोक्याचा खरा तोटा इथेच आहे. तडा पुढे धावतो तो अखंड काचेतून. दुसऱ्या पदार्थाशी सांधा आला की तो थांबतो. सगळं कवच एकाच काचेचं केलं, तर कोपऱ्यावर बसलेला एक दणका पडद्यापासून पाठीपर्यंत सगळ्यांचा होतो. मजबुतीसाठी सांधे काढून टाकणं हा यंत्रविद्येचा अजब नियम कुठल्या वर्गात शिकवतात कोण जाणे.

तिसरं कारण रेडिओलहरींचं. धातूच्या डब्यातून लहरी जात नाहीत, बिनतारी चार्जिंग होत नाही, म्हणून काच हवी. अर्धसत्य! प्लास्टिकमधूनही त्या जातातच. पाठ काचेची करायला हे कारण चालेल. ती कायमची चिकटवायला अजिबात नाही.

उलट काच उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या जवळपासही येत नाही. ॲल्युमिनियम कित्येक पटींनी पुढे आहे. ॲपल आपली यंत्रं ० ते ३५ अंश हवेत वापरा म्हणून सांगते. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडतो. द्राक्षबागेत छाटणीच्या वेळी किंवा डाळिंबाच्या बागेत भर दुपारी फोन काढणाऱ्याचा फोन ‘थंड होऊ द्या’ म्हणत बंद पडतो, तेव्हा त्याच्या हातात जी वस्तू असते ती ॲपलच्या क्युपर्टिनो मुख्यालयाच्या हवेसाठी घडवलेली असते. तापत्या बॅटऱ्या लवकर झिजतात, कधी फुगतातही. फुगलेली बॅटरी बेजोड काचेत काय करील, याची कल्पना करायला फार शहाणपण नको.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीच्या टेबलाकडे यावं. कराड, इस्लामपूर, विटा, मिरज, कुठेही एसटी स्टँडच्या परिसरात मोबाइल दुरुस्तीची चार-दोन दुकानं असतातच. फुटलेला पडदा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो: फक्त काच गेलीय की कॉम्बो गेलाय? कॉम्बो म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेला गठ्ठा. डिस्प्ले चांगला असेल तर काच वेगळी करायचा प्रयत्न होतो. तव्यासारख्या सेपरेटर मशीनवर पडदा ठेवायचा, खालून तो तापवायचा, हवा शोषून धरून ठेवायचा आणि केसाएवढी बारीक तार काच आणि डिस्प्लेच्या मधून हळूहळू ओढत न्यायची. हात थोडा वर गेला तर तार तुटते, थोडा खाली गेला तर डिस्प्लेवर कायमची रेघ. नंतर उरलेला डिंक खरवडून काढायचा, नवी काच पारदर्शक चिकटपट्टीने बसवायची, आणि आत राहिलेले बुडबुडे दाबयंत्रात घालून घालवायचे. पाठीची काच चिकटलेली असेल तर लेझर मशीनने मागचा रंग आणि डिंक जाळून ती सुटी करतात, तीही कपच्या-कपच्यांनी. हे काम शिकलेली पोरं कुशल आहेत. पण ओगलेवाडीच्या कंदिलात जे पोराने राखेच्या बोळ्याने केलं, त्यासाठी आज तापता तवा, दाबयंत्र आणि लेझर लागतो, याला प्रगती म्हणायचं का, हे त्या दुकानदारालाच विचारावं.

आणि हे असं असायलाच हवं होतं का? नाही. पुढे-मागे काच असलेला पहिला गाजलेला फोन म्हणजे २०१० चा आयफोन ४. त्याची काचेची पाठ तळाचे दोन स्क्रू काढले की सरकून हातात येत असे. दोन स्क्रू! दिसायला तो आजही देखणा मानतात. २०१७ च्या आयफोन ८ पासून पाठ सांगाड्याला अशी जखडली की ती बदलणं हे डोकेदुखीचं आणि महागडं काम झालं. मग २०२२ मध्ये आयफोन १४ ची आतली रचना बदलून त्याच ॲपलने पाठीची काच पुन्हा वेगळी निघेल अशी केली. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसलासुद्धा नाही. पाच वर्षं लोकांनी मोजलेले पैसे सौंदर्यासाठी नव्हते, हे यावरून सिद्ध होतं. ते एका आळसासाठी होते, किंवा त्याहून वाईट कशासाठी तरी.

आणि सुरुवातीच्या त्या बेजोड नमुन्यांचं काय झालं? विवोचा एपेक्स दुकानात कधी आलाच नाही. मेइझूने झीरोसाठी लोकांकडून एक लाख डॉलर जमवायचं ठरवलं. निम्मेही जमले नाहीत, आणि कंपनीच्या संस्थापकानेच हा सगळा विक्री विभागाचा खेळ असल्याचं सांगून हात झटकले.

सौंदर्याचा मुद्दा एवढ्यावर मिटत नाही, म्हणून मिरजेला जायला हवं. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी देणारे, धार लावणारे. हत्यारांचा जमाना गेला तसे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या, आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले त्या गावाचा तंबोरा देशभर गेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगला तंबोरा दुरून पाहिला तर भोपळा कुठे संपतो आणि दांडी कुठे सुरू होते ते कळत नाही. सांधे नक्षीखाली आणि पॉलिशखाली लपवलेले असतात. बेजोडपणाचा हाच खरा देखणा नमुना. पण तारा बदलता येतात, खुंट्या घासून पुन्हा बसवता येतात, घोडीचा माथा झिजला की जवारी नव्याने काढता येते. तंबोरा पिढ्यानपिढ्या टिकतो, कारण कुठे काय झिजणार ते कारागिराला आधीच माहीत असतं आणि तिथे हात पोचेल अशी वाट तो ठेवून देतो. हे काम सोपं नाही. सांधा लपवणं आणि तरीही तो उघडता ठेवणं यालाच कसब लागतं. डिंकाची पिचकारी मारून मोकळं होण्याला नाही.

राहिला पर्यावरणाचा दावा. काच वाळूपासून बनते, ती पुन्हा वितळवता येते, म्हणून काचेचं यंत्र हिरवं, असं ऐकवलं जातं. बाटलीच्या बाबतीत ते खरंही आहे. पण डिंक, धातूचे लेप आणि बॅटरीशी एकजीव झालेली, क्षारात बुडवून बदललेली काच बाटलीच्या काचेत मिसळत नाही. फोनमधलं सोनं-तांबं काढायला तो भट्टीत जातो तेव्हा काच धातुमळीबरोबर निघून जाते. आणि त्याआधी कुणीतरी ती बॅटरी हाताने उचकटून काढावी लागते, कारण बॅटरीसकट चुरा केला तर आग लागते. हिरवेपणाचं बक्षीस कुणाला द्यायचं असेल तर ते जुना फोन आणखी तीन वर्षं चालवणाऱ्या दुरुस्तीवाल्याला द्यावं.

‘लोकांनाच नवं हवं असतं, दुरुस्ती कोण करतो?’ हे शेवटचं म्हणणं तर सातारा-सांगलीत कुणी करूच नये. इथे मोटार रिवाइंड करणारा, इंजिनाचं बोअर करणारा, हंगामाआधी कारखान्याची यंत्रं खोलून पुन्हा जोडणारा माणूस गावोगावी आहे. लोक दुरुस्ती करत नाहीत असं नाही. दुरुस्तीचा खर्च नव्या फोनच्या इतका जवळ नेऊन ठेवला आहे की हिशेबी माणूसही नाइलाजाने नवा घेतो.

कायदा या बाजूने हळूहळू सरकतो आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून मोबाइलच्या किमतीशेजारी दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापायला लावले. युरोपीय संघाचे २० जून २०२५ पासून लागू झालेले नियम सांगतात की फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. फेब्रुवारी २०२७ पासून यंत्रातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी, असा त्यांचा दुसरा नियम आहे. त्याला पळवाट आहे: हजार वेळा चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी आणि जलरोधक फोन असेल, तर ती कारागिरानेच बदलावी असं कंपनी ठरवू शकते. बेजोड काचेचे पुरस्कर्ते या पळवाटेतूनच आत शिरतील. तरीही त्या पळवाटेत बॅटरी बदलता येणं गृहीत धरलेलं आहे. ‘कधीच उघडणार नाही’ अशा यंत्राला तिथेही जागा नाही. भारत सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, आणि मोबाइलसह काही वस्तूंना दुरुस्तीयोग्यता निर्देशांक देण्यासाठी समिती नेमली. त्या समितीने २०२५ मध्ये अहवालही दिला.

हा निर्देशांक खोक्यावर ठळक छापला गेला पाहिजे, आणि त्यात काचेचा रकाना स्वतंत्र असला पाहिजे: फुटलेली पुढची काच डिस्प्ले न बदलता निघते का, मागची काच बॅटरीला हात न लावता निघते का, आणि दोन्हींची सुटी किंमत किती. ‘मजबुती’, ‘अनुभव’ असल्या रकान्यांत गुण वाटून हे तीन प्रश्न बुडवू नयेत. तोवर वाचकाने एवढं करावं. नवा फोन घेण्याआधी शोरूममध्ये नव्हे, आपल्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात जावं, मॉडेलचं नाव सांगावं आणि पाठीची काच व बॅटरी बदलायला काय पडेल ते विचारावं. ‘उघडला की परत पहिल्यासारखा बसत नाही’ असं उत्तर मिळालं, तर तो फोन घेऊ नये.